कुठल्या देशाची काच

पूर्णगडचे आजोबा आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना पाणी दिलं, आणि त्यांनी भरलेला पेला सरळ उलटा केला. पाणी त्यांच्याच मांडीवर सांडलं.

शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, "बघा आता! आधी प्यावं, मग उलटं करावं."

आजोबांना त्याचं काही नव्हतं. पेल्याच्या बुडावर कंपनीचा ठसा असतो, त्यावरून ते अंगठा फिरवत होते. दिसत नव्हतं म्हणून बोटानं वाचत होते.

"इकडचाच," ते म्हणाले आणि पेला माझ्या हातात परत दिला. मीच काही चूक केल्यासारखं मला वाटलं.

रत्नागिरीत रेल्वे सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. मी मूळची परभणीकडची. सातवीनंतर शाळा सुटली, पुढे लग्न झालं, आणि आमचे हे रेल्वेच्या मातीकामावर कोकणात आले तशी मीही आले. काम संपल्यावर बरोबरची माणसं परत गेली. आम्ही राहिलो. परत जाऊन करायचं काय, हा प्रश्न होताच. ह्यांना चिऱ्याच्या खाणीवर काम मिळालं आणि मला डॉक्टरबाईंनी ठेवून घेतलं. घेतलं होतं झाडलोटीला, पण वर्षभरात बाईंनी मला डोळ्यात थेंब घालायला शिकवलं, पट्टी बांधायला शिकवलं, पेशंटची कार्डं भरायला शिकवलं. दवाखान्याच्या मागची खोली राहायला दिली. मी रोज सकाळी उठून त्या खोलीचं छत बघायचे आणि मनात म्हणायचे, आजचा दिवस तर आहे. दवाखाना सुटला की खोली सुटणार, हे मला कधी विसरता यायचं नाही.

इथे सह्याद्रीपलीकडचा सगळा मुलूख 'घाटावर' या एका शब्दात बसतो. परभणी घाटापासून किती लांब, हे कोणाकोणाला सांगत बसणार? घाटावरची माणसं रांगडी, घाटावरच्या बाईचा हात जड, असं धरून चालतात. थेंब घालायला वाकले की पेशंट बायका आधी विचारायच्या, "हात हलका आहे ना गो तुझा?" मी म्हणायचे, "घालून बघा." बाईंनी मात्र मला ठेवून घेताना कुठली हे विचारलंच नव्हतं. नखं दाखव म्हणाल्या होत्या फक्त.

आजोबांचं आयुष्य जहाजांवर गेलं होतं. इंजिनघरात कामाला होते. कुठली वस्तू कुठल्या देशाची, यावर त्यांचं सगळं जग उभं होतं. टॉर्च जपानची, वस्तरा जर्मनीचा, लोकर विलायतेची. तैवानचं स्वस्त पण चालून जातं, आणि चीनचं म्हणजे घरी पोचेपर्यंत टिकलं तर नशीब. आपल्याकडच्या वस्तूबद्दल तर बोलायचंच नाही. त्यालाही कारण होतं. त्यांचा उजवा डोळा गेला होता. इंजिनाजवळ पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी असते, ती फुटून तिचा तुकडा डोळ्यात घुसला होता.

"ती काच इकडची होती," ते प्रत्येकाला सांगायचे. "परदेशची असती तर तडा गेला असता, फुटली नसती."

आता उरलेल्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. तोही चांगलाच पिकलेला. बाईंनी तपासून सांगितलं, "लवकर काढायला हवा. आत फुटला तर मग माझ्या हातात काही राहणार नाही."

आजोबांनी एकच विचारलं, "आत घालनार ती काच कंच्या देशाची?"

बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. म्हणाल्या, "भारतातच बनते, आजोबा. चांगली असते. मी माझ्या आईला हीच बसवली आहे."

आजोबा उठले, आजींच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघं एसटी स्टँडकडे चालायला लागली. महिन्याभरानं पुन्हा आले, पुन्हा तेच विचारलं, पुन्हा गेले. त्या वेळी बाई दारापर्यंत त्यांच्या मागे गेल्या होत्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, "आणखी पंधरा-वीस दिवस. त्यापुढे मी हात लावणार नाही." बाईंचा चेहरा इतका उतरलेला मी आधी बघितला नव्हता.

तिसऱ्यांदा आजींनी त्यांना जवळजवळ ओढूनच आणलं. चुलीवरचा चहा दिसला नाही म्हणून त्यांनी हात भाजून घेतला होता. ऑपरेशनचा दिवस ठरला, कागदावर सही झाली. बाईंना वाटलं, आजींनी मन वळवलं. आजींना वाटलं, आता ते काही विचारणार नाहीत.

त्या दिवशी बाई आत दुसऱ्या पेशंटचं ऑपरेशन करत होत्या. मी बाहेरच्या खाटेवर आजोबांच्या डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब घालत होते. दोन वेळा घातले, तिसऱ्या वेळेला वाकले तर आजोबा उठून बसले आणि पायानं चपला चाचपायला लागले.

"आजोबा, कुठं उठायलाव?" घाईत माझी परभणीची बोली बाहेर पडली.

"लाव काय, लाव! घरी जातो. मला कोनी सांगितलेलं नाय, काच कंच्या देशाची ती."

आजी औषधं आणायला समोरच्या दुकानात गेल्या होत्या. आतून बाईंचा आवाज येत होता, कात्री मागत होत्या. आजोबांचा एक पाय चपलेत गेला होता. पंधरा-वीस दिवसांतले किती उरले, हे मला पाठ होतं. ते आज गेले तर पुन्हा येणार नव्हते, आणि आले तरी उपयोग नव्हता. एकच तर डोळा होता.

"अमेरिकेची," मी म्हणाले.

चपला चाचपणारा पाय थांबला. "बाईंनी मागवली?"

"मागवली. तुमच्यासाठीच."

पहिलं खोटं बोलताना माझी जीभ अडखळली होती. दुसरं आपसूक आलं.

"मग आधी नाय सांगायचंस, येडे!" आजोबा म्हणाले, चपला काढली आणि खाटेवर आडवे झाले. तिसरा थेंब घालताना त्यांनी डोळा ताणून धरला होता, मला बोट लावावंच लागलं नाही.

आत नेल्यावर बाईंनी विचारलं, "झाली ना मनाची तयारी?"

"झाली बाई. आता काय भ्या नाय."

ऑपरेशन नीट झालं. पट्टी बांधून त्यांना खाटेवर आणलं, आणि मग माझ्या वाटणीचं काम आलं. त्या लेन्सच्या डबीबरोबर दोन छोट्या चिकटपट्ट्या यायच्या. एक दवाखान्याच्या वहीत लावायची, दुसरी पेशंटच्या कार्डावर. लेन्सचा नंबर, कुठे बनली, सगळं त्यावर बारीक छापलेलं. माझं इंग्रजी सातवीचं, पण 'मेड इन इंडिया' मला वाचता येत होतं.

पट्टी बोटावर घेऊन मी बराच वेळ उभी राहिले. नाही लावली तर कोणाला कळणार होतं? उलटी लावावी, तिच्यावर औषधाचा डाग पाडावा, सगळं मनात येऊन गेलं. पण बाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, हा त्या डोळ्याचा दाखला आहे, उद्या पेशंट दुसऱ्या गावी दुसऱ्या डॉक्टरकडे गेला तर त्याला यावरूनच कळणार. डोळ्याबद्दल मी एकदा खोटं बोलले होते, आता त्याचा दाखलाही खोटा करायचा? मी पट्टी लावली, सरळ. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आजींकडे दिलं. आजींना वाचता येत नव्हतं. आजोबांना येत होतं. जहाजावरच्या पेट्या आणि नळ वाचून वाचून ते इंग्रजी अक्षरं शिकले होते. पण जवळचं बारीक वाचायला चष्मा लागतो, आणि चष्म्याचा नंबर दीड महिन्याशिवाय काढत नाहीत. म्हणजे माझ्या हातात दीड महिना होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी पट्टी सोडली. आजोबांनी पापणी किलकिली केली, मिटली, पुन्हा उघडली. आजी ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या.

"ती पाल बघ," आजोबा म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. घड्याळाच्या वर पाल होती.

"शेपूट तुटलंय तिचं."

खरंच तुटलं होतं. मी रोज ती भिंत पुसायचे, माझ्या लक्षात आलं नव्हतं. आजींनी पदर डोळ्यांना लावला. बाई हसल्या. मग आजोबांनी माझ्याकडे बघितलं, अगदी वरून खालपर्यंत.

"तू एवढीशीच हायस होय गो? आवाजावरनं मला वाटलं, घाटावरची, चांगली दांडगी बाई असशील."

मला एवढं हसू आलं की मी बाहेर पळाले. बाहेर आल्यावर मात्र ते हसू आहे की दुसरंच काही, मला कळेना. डोळा आला होता. काहीही झालं तरी डोळा आला होता. मी नळावर तोंड धुतलं. परत आत गेले तेव्हा बाई दुसऱ्या खोलीत गेल्या होत्या आणि आजोबा शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होते, "शेवटी अमेरिका ती अमेरिका!"

हे त्यांनी पूर्णगडला जाऊनही सांगितलं असणार, कारण तीन आठवड्यांनी एक मासे विकणारी बाई तिकडून आली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बाईंनी तपासल्यावर म्हणाली, "मला पन ती अमेरिकेची घाला."

"कुठली अमेरिकेची?" बाईंनी विचारलं. "मी तर भारतातलीच बसवते."

"म्हाताऱ्याला घातलीत, मला नाय? मी मासे विकते म्हनून?"

बाईंनी परोपरीनं समजावलं. ती टोपली उचलून निघून गेली. बाई मला म्हणाल्या, "हे अमेरिकेचं कोणी पसरवलंय, काही कळत नाही." मी फडकं पिळत होते. कोरडं झालं तरी पिळतच राहिले.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "आता जे व्हायचं ते होईल. ट्रंक भरून ठेव पाहिजे तर."

हे गमतीनं म्हणाले असतील. पण मी खरंच भरली. गावाहून आणलेला भाकरीचा लोखंडी तवा सगळ्यांत आधी तळाशी घातला, म्हणजे घाईत राहायला नको. त्यानंतर आम्ही रोज भातच खाल्ला. झोपताना मला ती टोपलीवाली दिसायची. आजोबा उठून गेले असते तसेच तिचे डोळे गेले तर ते माझ्या बोलण्यानं जाणार होते. एका डोळ्यासाठी मी जे बोलले त्यानं दोन जाणार, असला हिशोब माझ्याच वाट्याला का यावा?

दीड महिन्यानं आजोबांचा नंबर काढला. चार दिवसांनी नवा चष्मा लावून ते दवाखान्यात दाखवायला आले. बाकावर बसले, आणि पुढची तारीख कधीची हे बघायला त्यांनी आजींकडून कार्ड मागून घेतलं.

मी केरसुणी हातात धरून तिथेच थांबले. आजोबांनी कार्ड लांब धरलं, जवळ आणलं. मग त्यांचा अंगठा त्या चिकटपट्टीवर गेला. सवयच ती. अंगठ्याला काही लागेना, तेव्हा त्यांनी चष्मा नीट केला आणि एकेक अक्षर ओठ हलवून वाचलं.

मग चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं.

"काय लिवलंय?" आजींनी विचारलं.

"तारीख," आजोबा म्हणाले. आजींना तिथेच बसवून ते मला घेऊन मागे नळापाशी आले.

"हे तुला ठावं होतं?"

"होतं."

"आनि चिकटवलंस पन तूच?"

"मीच."

"मग कशाला चिकटवलंस, येडे? मला कळलंच नसतं."

"तो डोळ्याचा दाखला आहे," मी म्हणाले. मग एवढंच म्हणाले, "तुम्ही निघून गेला असता आजोबा. एकच डोळा होता."

ते नळाच्या कट्ट्यावर टेकले. समोर आमच्या खोलीचं दार होतं, त्याकडे बघत राहिले.

"माझा उजवा डोळा जिनं फोडला त्या काचेवर काय लिवलेलं होतं, म्हायतीय?"

"इकडची होती म्हणालात."

"मी कधी बघितली? फुटल्यावर तुकडे कोन वाचतो? मोठा मिस्त्री म्हनाला, इकडचीच असनार. तेच मी आजपरेंत सांगत आलो. बायकोला सांगितलं, पोरांना सांगितलं." त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. "काच कुठलीपन असेल. मी तोंड फार जवळ नेलं होतं, ते मात्र खरं."

मला वाटलं, आता ते हसतील. पण ते माझ्यावर उखडले. "पन खोटं बोललीस ते बोललीसच हां! माझ्या डोळ्याचं मला विचारायचं होतं. घाटावरची ती घाटावरची!"

"चुकलंच माझं."

"जा आता, केर काढ. मी बाईंना काय बोलनार नाय."

तिथे माझी सुटका झाली होती. हात धुऊन आत जायचं, एवढंच होतं. पण ती टोपलीवाली कुठे सुटली होती?

"मीच सांगते," मी म्हणाले, आणि ती टोपलीवाली कशी परत गेली तेही त्यांना सांगितलं.

दुपारी पेशंट संपल्यावर मी बाईंच्या खोलीत गेले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाई डोळे तपासायची छोटी टॉर्च हातात घेऊन बसल्या होत्या. ऐकताना ती चालू करत होत्या, बंद करत होत्या. माझं बोलणं संपलं तरी टॉर्च चालूच होती.

"डोळा त्यांचा," त्या म्हणाल्या. "हो म्हणायचं की नाही, तेही त्यांचंच. तू कोण ठरवणारी?"

बाईंनी टॉर्च एकदाची बंद केली.

"काही बिघडलं असतं तर ते मला विचारायला आले असते, अमेरिकेची काच कशी बिघडली म्हणून. मी काय उत्तर दिलं असतं?"

"खोली कधी खाली करू?" मी विचारलं.

"कुठली खोली?"

"मागची. ट्रंक भरलेलीच आहे."

बाईंनी टॉर्च टेबलावर ठेवली. "ट्रंक भरलेली आहे? केव्हापासून?"

मी सांगितलं. बाईंनी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाल्या, "तुला थेंब घालायला शिकवायला मला वर्ष गेलं. आता नव्यानं कोणाला शिकवू? उद्यापासून प्रत्येक पेशंटला तू डबी दाखवायचीस. कुठे बनली ते मोठ्यानं वाचून सांगायचंस. नको म्हणाला तर माझ्याकडे आणायचंस, मी बोलेन. आणि ती मासेवाली बाई. तिला परत आणायचं काम तुझं."

"आणते," मी म्हणाले. बाहेर पायरीवर येऊन बसले. कितीतरी दिवसांत मला भूक लागली नव्हती, ती एकदम लागली.

संध्याकाळी हे खाणीवरून आले तेव्हा मी ट्रंक उघडून तवा बाहेर काढला होता. गावाकडून आलेलं ज्वारीचं पीठ अजून थोडं उरलं होतं. ह्यांनी तव्याकडे बघितलं, ट्रंकेकडे बघितलं, आणि काही न विचारता हातपाय धुवायला गेले. नळावरून गाण्याचा आवाज आला. हे कधी गात नाहीत.

मासेवालीला आणायला मला पूर्णगडला जावं लागलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात आजोबा तिला घेऊन आले. बाकावर बसून तिला समजावत होते, आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जात होतं.

"परदेशची काच तिकडच्या थंडीसाठी असते गो. आपल्या उन्हात ती टिकायची नाय. डोळ्यात घालायची तर इकडचीच घालावी."

"पन तुमीच तर म्हनालात, अमेरिका ती अमेरिका."

"तेव्हा मला दिसत कुठं होतं?"

मी पुढे झाले. "आजोबा, तसंही काही नसतं. बाई म्हणतात, तिकडची पण चांगलीच असते."

"तू गप गो! हिला आनलं की नाय मी?"

आणलं होतं, हे खरं होतं. मी त्या बाईला डबी दाखवली, कुठे बनली ते मोठ्यानं वाचलं, आणि आजोबा म्हणतात तसं ऊन-थंडीचं काही नसतं हेही सांगितलं. ती डबी तिनं हातात घेतली आणि दोनदा उलटी-पालटी केली.

"तूच थेंब घालनार ना?" तिनं विचारलं.

"मीच."

"मग चालेल. म्हातारा म्हनतो, हात हलका हाय तुझा."

तिची पट्टी सोडली त्या सकाळी आजोबा पहिल्या एसटीनं आले होते. बाईंनी कापूस बाजूला केला आणि ती काही बोलायच्या आत आजोबाच दारातून ओरडले, "घड्याळाच्या वर बघ गो! बिनशेपटाची पाल दिसते काय?"

तिनं मान वर केली. डोळा बारीक करून बराच वेळ बघितलं.

"पाल हाय," ती म्हणाली. "शेपूट पन हाय. आखूड हाय."

मीही बघितलं. तिचंच बरोबर होतं. शेपूट पुन्हा फुटायला लागलं होतं.